उतरंडीमागचं बी

झुंबरबाईच्या परसात तांबाटीची नऊ झाडं होती, आणि त्या नऊ झाडांवर अख्ख्या इंदुरी गावाचा डोळा होता. तांबाटी म्हणजे आपले टमाटे. आता टमाट्याकडे एवढं कोण बघत बसतं, असं तुम्ही म्हणाल. पण सन अडतीसच्या माघात नदीला पाण्याला निघालेली बाई वाट वाकडी करून झुंबरबाईच्या कुंपणापाशी थांबायची, घागर कमरेवरून न उतरवता आत मान वाकवायची, आणि फळं अजून हिरवीच आहेत एवढं बघून पुढं जायची. कोणी काही बोलायचं नाही. बोलायचं ते सगळं आधीच बोलून झालं होतं.

मामला सरळ होता. नऊही झाडांना एकसारखी लाल फळं लागली, तर झुंबरबाई लबाड. झाडागणिक वेगळी लागली, तर ती खरी. कडजाईच्या देवळापुढं गावानं तसं ठरवलं होतं आणि माघाच्या पुनवेपर्यंत मुदत दिली होती. पण आपण लबाड आहोत की नाही, हे फळांनी सांगायच्या आधीच झुंबरबाईला ठाऊक होतं. त्यामुळं तिला झोप नव्हती.

बाई तशी वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. पस्तिशीची, हाडापेरानं दणकट, बोलायला कमी आणि हाताला गुण असलेली. तिनं खोचलेली काडीसुद्धा फुटते, असं बायका म्हणायच्या. तिचा नवरा रखमाजी दोन वर्षं लोणावळ्याला, भुशीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात माळीकामाला होता, आणि ही त्याच्यासोबत पाणी घालायला. बंगला अर्देशर सायबाचा. म्हातारा एकटा. दिवसभर टमाट्याच्या वाफ्यात स्टूल टाकून बसायचा आणि चिमट्यानं फुलं उकलायचा. झुंबरबाई झारी घेऊन शेजारून जायची. विचारायची तिची टाप नव्हती, पण बघायला कोण अडवतंय? उद्या उमलणारी कळी आजच उघडायची, तिच्यातले केसर खुडून टाकायचे, दुसऱ्या जातीच्या फुलातली पिवळी पिठी तिथं लावायची आणि वरून चिंधी बांधायची, हे तिनं चालता चालता डोळ्यांनी टिपून घेतलं.

मग एक दिवस निरोप आला, सासू पडली, खुब्याचं हाड मोडलं. दोघांनी गाठोडं बांधलं. निघताना सायबानं पदरात चार मोठी पिकली फळं टाकली आणि आपल्या पारशी मराठीत म्हणाला, "झुंबर, पैला साल हसवते, दुसरा साल रडवते. लक्षात ठेव." म्हाताऱ्याला वाईट वाटतंय म्हणून काहीतरी बोलतोय, असं तिनं धरलं आणि पाया पडून ती निघाली. पुढच्याच पावसाळ्यात सायब वारला.

इंदुरीत तेव्हा तांबाटी होती, पण ती उकिरड्यावर आपसूक उगवणारी. बोराएवढी, आंबटढाण, पण सालीनं चिवट. मावळातलं धुकं चार दिवस बसलं तरी त्यांना काही व्हायचं नाही. बंगल्याचं फळ मुठीएवढं आणि गोड, पण धुक्याचा हात लागला की टराटरा फुटायचं. झुंबरबाईनं दोन्ही शेजारी शेजारी लावली. चिमटा कुठला आणायचा? तिनं बाभळीचा काटा घेतला, कोंबडीचं पीस घेतलं आणि जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या केल्या. सासू बाजेवरून बघत होती. खुबा मोडला तरी जीभ शाबूत होती म्हातारीची.

"झाडांची लगीनं लावतीस व्हय गं?" ती म्हणाली. "हळद कंदी हाय?"

"तुमी बऱ्या व्हा, मग लावू," झुंबरबाई म्हणाली.

अकरा फुलांपैकी दोनच धरली. त्या दोन फळांचं बी पुढच्या हिवाळ्यात लावलं, आणि काय सांगू, वीस झाडं आली आणि वीसही एका साच्यातली. फळ लिंबापेक्षा मोठं, गच्च, लालबुंद, चवीला आंबटगोड. पौषात सलग आठ दिवस धुकं पडलं, एकाही फळाला तडा नाही. पहिलं फळ मीठ लावून खाल्लं ते शेजारच्या रतनबाईनं. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या, मधे एक भिंत, आणि दोघींचं भाताचं कांडण एकाच उखळात. रतनबाईनं बोटं चाटली आणि म्हणाली, "झुंबर, बी दे गं मला."

तिच्या मागोमाग गाव आला. एकूण अकरा घरांनी बी मागितलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. इंदुरीत बी विकत नसत. मागायला आलेल्याला रित्या सुपानं परत पाठवत नसत. आणि त्याला एक रीत होती, जी झुंबरबाईला सासूनं पहिल्याच साली शिकवली होती: आधी वाटायचं, मग राखायचं. राखून वाटायचं नाही. म्हणजे चांगलंवाईट सगळं बी एकत्र करायचं, लोकांच्या ओंजळी भरायच्या, आणि तळाला उरेल ते आपलं. असं केलं की गावात सगळ्यांचं पीक सारखं येतं आणि कुणाचा कुणावर डोळा जात नाही.

झुंबरबाईनं तेवढंच केलं नाही. सगळ्यात जोरकस झाडाच्या पहिल्या घडातली चार फळं तिनं कुणाच्या नजरेला पडू दिली नाहीत. त्यांचं बी राखेत चोळलं, शेणाच्या गोवरीवर थापलं आणि ती गोवरी स्वयंपाकघरात उतरंडीमागं, मडक्यांच्या आड भिंतीला चिकटवून टाकली. बाकीचं बी एकत्र करून वाटलं. तिला हाव सुटली होती, दुसरं काय? आयुष्यात पहिल्यांदा गाव तिच्या दारात येऊन उभा होता, आणि पुढच्या वर्षीही तो यावा, आपलं फळ सगळ्यांपेक्षा सरस निघावं, असं तिला वाटलं. नवऱ्यालाही तिनं सांगितलं नाही.

भातकापणी झाली तशी अकरा घरांनी नदीकाठच्या पट्टीत वाल, हरभरा सोडून तांबाटी लावली. रतनबाईनं तर आपली अख्खी पट्टी घातली. झुंबरबाईची लावणी मात्र मागं पडली. कार्तिकात सासू गेली, सुतकात पेरणी राहिली, आणि उतरंडीमागचं ते बी मातीत पडायला तीन आठवडे उशीर झाला. त्यातली नऊ झाडं जगली.

पौष सरता सरता गावची फळं रंगावर आली. एका सकाळी रतनबाई पाटी घेऊन आली आणि तिनं ती झुंबरबाईच्या ओसरीवर पालथी केली. फळं गडगडत उंबऱ्यापर्यंत आली. काही बोराएवढी, काही मुठीएवढी, काही पिवळी, काही चपटी आणि चुण्या पडलेली, काही धुक्यानं फुटून पाणी सुटलेली. एकासारखं दुसरं नाही.

"ह्ये काय हाय?" रतनबाई म्हणाली.

झुंबरबाई खाली बसली आणि एकेक फळ हातात घेऊन बघायला लागली. तिला खरंच काही कळेना. "मी त्याच झाडांचं बी दिलंवतं, रतने."

"कारल्याच्या बियाला काकडी येती का गं? पेरलं तसंच उगवतं. तळेगावच्या बाजारात लोक हसलं मला. यापारी म्हनला, बाई, पाटीत सात गावची जत्रा भरवलीय. माझी पट्टी गेली, माझा हरभरा गेला. चांगलं बी तू घरात ठेवलंस अन् आमाला उकिरड्यावरचं मिसळून दिलंस."

"न्हाई दिलं."

"मग मागं काय ठेवलंस त्ये सांग."

झुंबरबाईची नजर आत स्वयंपाकघराकडं गेली. क्षणभरच, पण रतनबाईनं ती हेरली. वीस वर्षांचा शेजार होता. पाटी तिथंच टाकून ती निघून गेली, आणि त्या दिवसापासून उखळावर एकटीच कांडायला लागली.

चार दिवसांनी कडजाईच्या देवळापुढं गाव बसला. मधे गेणूआबा. ऐंशीच्या घरातला माणूस, आवाज हळू, पण गावात त्याच्या शब्दापुढं शब्द जात नसे. रखमाजी बायकोच्या बाजूनं भांड भांड भांडला. "माझी बायको असली न्हाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी झुंबरबाईची मान आणखी खाली जात होती.

गेणूआबानं हात वर केला. "झुंबर, तू सांग."

"मी त्याच वीस झाडांचं बी दिलं, आबा." हे खरं होतं.

"बरं. मग भंडारा उचल. देवीपुढं म्हन, आधी वाटलं, मग राखलं. मागं काय बी दडवलं न्हाई."

भंडाऱ्याचं ताट पुढं आलं. झुंबरबाईचा हात निघाला आणि ताटापासून वीतभर अलीकडं थांबला. तिथं बसलेल्या प्रत्येकानं तो थांबलेला हात बघितला.

"माझी झाडं मागास हायेत, आबा," ती म्हणाली. "ती पिकू द्या. फळंच काय ती सांगतील."

कुणी म्हणालं, बाईला स्वतःवर भरवसा आहे. कुणी म्हणालं, भंडाऱ्याला भ्याली. गेणूआबानं निकाल दिला. पुनवेपर्यंत थांबायचं. झुंबरच्या परसात एकाच जातीचं फळ निघालं, तर तिनं खरं बी दडवलं. मग त्या घराशी बियाचा वेव्हार बंद, कुणी द्यायचं नाही, कुणी घ्यायचं नाही. आणि तिचंही गावासारखंच निघालं, तर रतननं उगीच आळ घेतला. मग रतननं खण-नारळ घेऊन झुंबरच्या उंबऱ्यावर डोकं टेकायचं, गावासमोर.

बियाचा वेव्हार बंद म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. भाताचं बी कुजलं, वालाचं किडलं, तर जायचं कुठं? आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या घराचं बी गाव घेत नाही त्या घराची सोयरीकही गाव घेत नाही.

त्यानंतरचे दिवस झुंबरबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रोज उठल्या उठल्या ती परसात जायची. हिरव्या फळांवरून बोट फिरवायची. लहान-मोठी होती, पण लहान ती मागास, वाढली की सगळी एकसारखीच होतील असं तिला वाटायचं, आणि हेच तिच्या छातीत धडकी भरवणारं होतं. कुणबिणीच्या जातीनं कधी केला नसेल असा नवस ती कडजाईला बोलली: आई, माझं पीक बिघडव. मग आपण काय मागितलं हे कळून तिचं तिलाच कसंतरी झालं. एकदा वाटलं, शेजारची शेळी आत सोडून द्यावी आणि झंझट मिटवावं. तिनं कुंपणाची काटी काढलीसुद्धा. पण कुंपणापलीकडं रतनबाई उभी होती, नुसती बघत. झुंबरबाईनं काटी परत खोचली.

मधेच सायबाचे शब्द आठवायचे. पैला साल हसवते, दुसरा साल रडवते. तो लगीन लावलेल्या टमाट्यांचंच बोलला होता का? गाव रडतंय ते ह्याच्यामुळंच का? पण गेलेल्या म्हाताऱ्याला साक्षीला कुठून आणायचं? आणि समजा ते खरं असलं, तरी उतरंडीमागची गोवरी काही खोटी होत नव्हती.

पुनवेला पाच दिवस राहिले असताना तिनं स्वयंपाकघर सारवायला काढलं. उतरंड हलवायला रखमाजी हाताशी आला. मडकी बाजूला झाली तशी भिंतीवर एक गोल डाग दिसला, आणि त्याला चिकटलेल्या चार-दोन बिया. रखमाजीनं एक बी नखानं काढली, तळहातावर घेतली, उजेडात नेऊन बघितली.

"ह्ये कवाचं?"

झुंबरबाईच्या हातातलं शेण हातातच राहिलं. खोटं बोलायचं असतं तर आत्ताच बोलता आलं असतं. "वाटायच्या आदलं," ती म्हणाली.

रखमाजी उंबऱ्यात बसला. हा माणूस देवळापुढं तिच्यासाठी घसा कोरडा पडेस्तोवर भांडला होता. तो काही ओरडला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

"आयनं काय शिकवलंवतं तुला?" तो म्हणाला.

"ठाव हाय मला."

"मग?"

"मला हाव सुटली. मी चुकले."

तो उठला, तळहातावरची बी चुलीत टाकली आणि म्हणाला, "पिकू दे आता." पुनवेपर्यंत त्यानं तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पुनवेच्या आदल्या दिवशी पहिलं फळ रंगलं. पिवळं. झुंबरबाईनं डोळे चोळले. दुसऱ्या झाडाचं लाल झालं, पण बोराएवढंच राहून. तिसऱ्याचं चपटं, चुण्यांचं. चौथं मोठं आणि देठापासून फुटलेलं. ती वाफ्यातच मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. सुटले, सुटले, एवढंच तिच्या मनात येत होतं. निवडून, दडवून, सगळ्यांच्या आधी राखलेलं बी सगळ्यांसारखंच फुटकं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी गेणूआबा आला, मागं गाव. आबानं नऊ झाडांची नऊ फळं तोडून ओसरीवर ओळीनं मांडली आणि विळीनं चिरून बघितली. कुणाचं पाणी, कुणाचा गर, कुणाची जाड साल. त्यानं मान हलवली. "ह्यात झुंबरचा दोष न्हाई. तिचं बी आपल्यावानीच निघालं. दुसऱ्या साली झाडानंच दगा दिला. रतन, पुढं हो."

लोकांनी वाट दिली. रतनबाई खण-नारळ घेऊन आली. तिचं तोंड उतरलेलं होतं. ती कुणाकडं बघत नव्हती. गावासमोर तिनं डोक्यावरचा पदर सावरला, नारळ उंबऱ्याशी ठेवला आणि गुडघे टेकले. तिची पट्टी गेली होती, बाजारात हसं झालं होतं, आणि आता हे. आणि बी दडवल्याचं तरी ती खरंच बोलली होती.

रखमाजी दाराआड उभा होता. तो जमिनीकडं बघत राहिला.

रतनबाईचं डोकं उंबऱ्याला टेकायच्या आत झुंबरबाईनं तिचे खांदे धरले. "रतने, ऊठ."

"आबानं सांगितलंय."

"ऊठ म्हन्ते ना. आबा, मी बी मागं ठेवलंवतं. चार फळांचं. वाटायच्या आधी. उतरंडीमागं, गोवरीवर. ही नऊ झाडं त्याचीच."

गेणूआबानं विळी बाजूला सारली. "पन निघालं तर तसलंच की."

"निघालं तसलं. मी काय त्ये तसलं निघावं म्हनून ठेवलं न्हवतं, आबा."

रतनबाई उठली. तिनं झुंबरबाईच्या तोंडाकडं नीट बघितलं, मग आपला नारळ उचलला, खण उचलला आणि गर्दीतून वाट काढत घरी निघून गेली.

आबा झुंबरबाईकडं वळला. "तू बोलली नसतीस तर कुनाला कळलं नसतं," तो म्हणाला. "म्हनून आता तुझ्या शब्दाला भंडारा लागत न्हाई. पन दडवलं ते दडवलं, रीत मी मोडत न्हाई. एक साल ह्या घराशी बियाचा वेव्हार बंद." झुंबरबाईनं मान डोलावली. गाव उठला. रखमाजी दाराआडून बाहेर आला, ओसरीवरची चिरलेली फळं गोळा केली आणि म्हणाला, "भाकर वाढ. ह्याचंच कोरड्यास कर." त्या दिवशी दोघं पुन्हा एका जागी बसून जेवली.

साल कठीण गेलं. ज्येष्ठात भाताचं रोप विरळ आलं, कुणाकडं बी मागायची सोय नव्हती, अर्धं खाचर रिकामं राहिलं. नागपंचमीला बायका झिम्मा खेळल्या तेव्हा झुंबरबाई कडेला उभी होती. पलीकडं रतनबाईच्या मुसळाचा आवाज रोज यायचा आणि तिला आपलं मुसळ उचलावंसं वाटायचं नाही.

आश्विनात, घटस्थापना होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा भरदुपारी रतनबाई मधल्या भिंतीला वळसा घालून दारात आली. हातात सूप होतं. झुंबरबाई जात्यावरून उठली.

"माझ्या पट्टीत एक झाड तुझ्या पयल्यावानी निघालंवतं," रतनबाई म्हणाली. "अख्ख्या पट्टीत एकच. धुक्यातबी टिकलं. त्याचं बी धरलंय मी."

"रतने, आपला वेव्हार बंद हाय. आबाला कळलं तर?"

"आबाला सांगूनच आलेय. त्यो म्हनला, मला ऐकाय कमी येतं." रतनबाईनं सूप पुढं केलं. तळाला मूठभर बी होतं, राखेनं करडं झालेलं. "धाच्या धा घरांना वाटून आलेय. ह्ये तळाचं उरलंय. निम्मं तुझं, निम्मं माझं."

झुंबरबाईनं पदर पसरला, पण रतनबाईनं सूप वाकडं केलं नाही.

"अशी न्हाई," ती म्हणाली. "तू वाट. तुझ्या हातानं. आधी माझं घाल."

झुंबरबाई खाली बसली. तिनं बी दोन्ही हातांनी कालवून एक केलं, निम्मं ओंजळीत घेतलं आणि रतनबाईच्या पदरात घातलं. मग सुपात उरलं ते आपल्या पदरात घेतलं. ते थोडं कमीच होतं.